गॅरेजसमोर बरा होणारा आजार

सकाळी कामाला निघताना किल्ली फिरवावी, डॅशबोर्डवरचे लाल दिवे लागावेत, बॉनेटखालून एकच ‘खट्’ ऐकू यावे आणि पुढे शांतता. दुसऱ्या वेळी तेच. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला मात्र काही झालेच नव्हते अशा थाटात इंजिन सुरू होते. संध्याकाळी गाडी गॅरेजला न्यावी, तर मिस्त्रीच्या हाताने पहिल्याच सेल्फला सुरू. तो दहा वेळा बंद करून दहा वेळा सुरू करतो. दहाही वेळा गाडी उठते. मग अंदाज सुरू होतात.

पंधरा-वीस वर्षांची मारुती ८००, शेतावर राबणारी महिंद्राची जीप किंवा वडिलांची आठवण म्हणून जपलेली प्रीमियर पद्मिनी, गाडी कोणतीही असो, या दुखण्याची कहाणी साधारण एकाच वाटेने जाते. आधी बॅटरी बदलली जाते. पंधरवडा बरा जातो, मग ये रे माझ्या मागल्या. नंतर सेल्फ उतरवून दुसरा बसवतात. त्यानंतर इग्निशन स्विच. एवढे करूनही पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात ‘खट्’ परत येते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे. येणारा-जाणारा बिघाड पुष्कळदा सुट्या भागात नसतोच, तो दोन भागांच्या सांध्यात असतो. भाग बदलताना तो सांधा हलतो, घासला जातो, पुन्हा आवळला जातो आणि काही दिवस नीट वागतो. गुण येतो तो टर्मिनल घासल्याचा. श्रेय जाते नव्या बॅटरीला.

सेल्फची मोटर मुळात कशी जन्माला आली हे पाहिले की सांध्यांचे हे महत्त्व उलगडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाडी सुरू करायची म्हणजे समोर उभे राहून हँडल मारायचे. कधी इंजिन उलटा झटका देई आणि हँडल हातावर बसे. त्यातून मनगटाजवळचे हाड ज्या पद्धतीने मोडे, तिला वैद्यकशास्त्रात आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. १९१२ सालच्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याचा विजेचा स्टार्टर आला. केटरिंग त्याआधी कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत होता आणि दुकानातला गल्ला विजेवर चालावा म्हणून त्याने त्यात छोटी मोटर बसवली होती. खण उघडायला जोर लागतो तो क्षणभर. म्हणजे लहान मोटरवर तिच्या कुवतीपेक्षा कितीतरी जास्त भार टाकता येतो, फक्त तो थोडाच वेळ टाकायचा. गल्ल्यात सापडलेली ही गोष्ट त्याने मोटारगाडीत वापरली. सलग दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत मोटरला थोडी विश्रांती द्यावी, असे सांगितले जाते त्याचे कारण हेच.

या क्षणभराच्या भाराची किंमत प्रचंड आहे. गाडीचे दोन्ही हेडलाइट मिळून साधारण दहा अँपिअर प्रवाह घेतात. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरताना शंभर ते दीडशे अँपिअर ओढतो, डिझेल जीप त्याच्या दुप्पट किंवा अधिक. आता वाटेत कुठेतरी एखादा गंजलेला सांधा आहे आणि त्याचा विरोध ओहमचा फक्त शंभरावा भाग आहे असे धरू. १२० अँपिअर त्यातून जाताना १.२ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि तेवढ्या जागेत १४४ वॅट उष्णता तयार होते. हेडलाइटला हा सांधा जाणवतही नाही, कारण तिथे तूट व्होल्टच्या दहाव्या भागाइतकी असते. म्हणून ‘दिवे लख्ख लागतात, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकतो. मात्र दिव्यांचा दुसऱ्या पद्धतीने उपयोग होतो. हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. ते एकदम मंदावले तर मोठा प्रवाह निघू पाहतो आहे, पण बॅटरी उतरलेली आहे, सांधा खराब आहे किंवा मोटर अडकली आहे. दिवे तसेच राहिले आणि सेल्फ हलला नाही, तर प्रवाह मोटरपर्यंत निघालेलाच नाही.

अनुभवी इलेक्ट्रिशियन बॉनेट उघडण्याआधी कान देतो. एकच दमदार ‘खट्’ म्हणजे सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे मोटरकडे प्रवाह जोडणारा विद्युतचुंबकी स्विच, ओढला गेला, पुढचे काम अडले. ‘कट्-कट्-कट्-कट्’ अशी सलग टिकटिक म्हणजे सोलेनॉइड ओढला जातो, मोटरकडे प्रवाह जाताच व्होल्टेज कोसळते, तो सुटतो, व्होल्टेज सावरते, पुन्हा ओढला जातो. इथे आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल्स पाहावीत. मोटर सूं-सूं करत फिरते पण इंजिन जागचे हलत नाही, तेव्हा सेल्फचे दातेरी चाक, म्हणजे पिनियन, फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये शिरत नाही किंवा त्याचा एकदिशा क्लच घसरतो. खरखरीत, दात दातांवर आपटल्याचा आवाज रिंगचा. अजिबात आवाज नाही, तेव्हा संशय किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतच्या बारीक वायरवर. आणि सेल्फ जोमाने इंजिन फिरवतो आहे पण गाडी पकडत नाही, तर तो पेट्रोलचा किंवा ठिणगीचा प्रश्न आहे, सेल्फला दोष देण्यात अर्थ नाही.

बॅटरीपासूनच सुरुवात करायची, पण बदलण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास असावेत; १२.२ म्हणजे ती अर्ध्यावर आली. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. त्या वेळी बॅटरीच्या दोन खुंट्यांवरचे व्होल्टेज साडेनऊच्या खाली जाऊ नये. बॅटरीच्या पोटातही सांधे असतात. सहा सेल एकमेकांना शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात आणि त्यांतली एखादी पट्टी तडकली की विचित्र लक्षण दिसते: एरवी १२.६, किल्ली फिरवताच जवळजवळ शून्य, थोड्या वेळाने पुन्हा सगळे सुरळीत. असल्या बॅटरीला चार्जिंगचा उपयोग नाही. ती बदलावी, आणि तिच्याजवळ ठिणगी पडू देऊ नये, कारण सेलमधून हायड्रोजन निघत असतो.

त्यानंतर केबल. कोकण किनाऱ्यावरच्या खारट दमट हवेत आणि घाटातल्या चार महिन्यांच्या पावसात टर्मिनलवर पांढरा-हिरवट बुरा चढतो. तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने फेसाळत निघून जातो. आधी उणे टोक सोडावे, जोडताना ते शेवटी जोडावे. पाना चुकून बॉडीला लागला तरी मग शॉर्ट होत नाही. खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू काचकागदाने चकचकीत करावी, आवळावी आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावावी. बाहेरून स्वच्छ दिसणारे टर्मिनल आतून काळ्या थराने माखलेले असू शकते.

इथे एक चूक सर्रास होते. मल्टिमीटर ओहमवर लावून केबल तपासली जाते, मीटर शून्य दाखवतो आणि केबल निर्दोष ठरते. पण ज्या केबलच्या शंभर तारांपैकी एकच शाबूत आहे, तीही मीटरवर शून्याच्या जवळपासच दिसेल. मीटर काही मिलिअँपिअर पाठवतो, सेल्फला शंभराच्या वर अँपिअर हवे असतात. योग्य रीत वेगळी आहे. मीटर व्होल्टवर ठेवावा, एक टोक बॅटरीच्या अधिक खुंटीवर, म्हणजे क्लॅम्पवर नाही तर प्रत्यक्ष शिशावर, आणि दुसरे सेल्फच्या जाड बोल्टवर. दुसऱ्या माणसाने किल्ली फिरवून धरायची. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर तेवढी वीज वाटेत गळते आहे. मग एकेक सांधा सोडवत पुढे गेले की चोर सापडतो. हीच तपासणी इंजिनच्या अंगापासून बॅटरीच्या उणे खुंटीपर्यंत करायची. तिथे तूट पाव व्होल्टच्या आतच असावी. दोन माणसे, एक मीटर आणि दहा मिनिटे एवढाच हा मामला आहे. तरीही तो टाळून थेट सेल्फ उतरवला जातो, याचे वाईट वाटते.

उणे बाजूकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेले असते. दोघांना जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते, तिलाच अर्थची पट्टी म्हणतात. वर्षानुवर्षे तेल, चिखल आणि इंजिनची थरथर सोसून ती एकेक तार तुटत झिजते. ती पुरती तुटली तर प्रवाह दुसरी वाट शोधतो: क्लचची केबल, अॅक्सिलरेटरची केबल, चोकची तार. सेल्फ मारताना क्लचची केबल गरम होत असेल किंवा तिच्या आवरणातून धूर येत असेल तर दोष या पट्टीचा आहे. इंजिन हलेल तशी पट्टीची उरलेली टोके जुळतात, सुटतात आणि म्हणून गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही. तपासायची सोपी युक्ती म्हणजे जंप केबलचे एक टोक बॅटरीच्या उणे खुंटीला आणि दुसरे थेट इंजिनच्या स्वच्छ धातूला लावून सेल्फ मारून बघणे. तेवढ्याने सेल्फ दमदार फिरला तर निदान झाले, आणि उपाय पट्टीच्या किमतीत होतो.

गाडी थंड असताना नीट, पण दोन तास चालवून पेट्रोल पंपावर बंद केली की पुन्हा उठत नाही. अर्धा तास थांबले की उठते. ही तक्रार वेगळी आणि तिचे मूळ भौतिकशास्त्रात आहे. तांब्याचा विरोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. एक्झॉस्टशेजारी बसलेला सोलेनॉइड तीस अंशांवरून नव्वदवर गेला की त्याच्या गुंडाळीचा विरोध जवळपास पाव पटीने वाढतो आणि तिची ओढ कमी होते. त्यात किल्लीचा जुना स्विच, त्याच्या मागचे सैल झालेले सॉकेट आणि वळणे घेत येणारी वायर मिळून एक-दोन व्होल्ट खातात. थंडीत जेमतेम पुरणारा जोर गरमीत अपुरा पडतो.

यावरचा सर्वांत चांगला उपाय जगभरच्या जुन्या गाड्यांवर सारखाच ठरला आहे. फोल्क्सवागन बीटलमध्ये इंजिन मागे आणि किल्ली पुढे, त्यामुळे सेल्फची वायर गाडीभर धावते. तिथे लोक वर्षानुवर्षे सेल्फजवळ एक रिले बसवत आले आहेत. आपल्याकडच्या गाड्यांतही तेच करता येते. चार टोकांचा साधा रिले घ्यायचा. किल्लीकडून येणारी जुनी वायर त्याच्या ८६ क्रमांकाला, ८५ बॉडीला, ३० ला बॅटरीकडून फ्यूजसह जाड वायर आणि ८७ वरून सोलेनॉइडला. मग किल्लीच्या स्विचवर फक्त रिलेपुरता क्षुल्लक भार राहतो आणि सोलेनॉइडला बॅटरीचे भरघोस व्होल्टेज मिळते. गरम गाडी न उठण्याच्या कितीतरी तक्रारी एवढ्यावर मिटतात, आणि झिजत चाललेला इग्निशन स्विचही वाचतो.

एवढे सगळे तपासून झाल्यावर मग सेल्फ उतरवावा. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीखाली वाकून सेल्फवर पान्याने टकटक केली की ती सुरू होते, हे ड्रायव्हर मंडळींना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. टकटकीने काय होते? झिजून आखूड झालेला कार्बन स्प्रिंगच्या जोरावर कम्युटेटरला टेकत नव्हता, तो हादऱ्याने टेकतो. किंवा सोलेनॉइडमधला अडकलेला प्लंजर सुटतो. हा उपाय घरी पोहोचण्यापुरता आहे, पण निदान म्हणून मोलाचा आहे: टकटकीने गुण आला तर दोष सेल्फच्या आत आहे, बाहेरच्या वायरींत नाही. कायमच्या चुंबकांवर चालणाऱ्या नव्या सेल्फवर मात्र हातोडी चालवू नये, चुंबक तडकतात.

आत बहुधा चार गोष्टी झिजतात. कार्बन. सोलेनॉइडमधले तांब्याचे संपर्क, जे दर वेळी ठिणगीने थोडे जळतात. डेन्सो धाटणीच्या सेल्फमध्ये एकच ‘खट्’ येऊन थांबण्याचे हे ठरलेले कारण आहे आणि तिथे फक्त दोन संपर्क आणि प्लंजर बदलून काम भागते. तिसरे, आर्मेचरला आधार देणारे बुश. ते झिजले की आर्मेचर कलते, बाजूच्या पोलला घासते आणि गरम झाल्यावर तर अडकतेच. सच्छिद्र ब्राँझचे नवे बुश बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवावे लागतात. घाईत ही पायरी गाळली की बुश कोरडा चालतो आणि पुन्हा तोच फेरा. चौथी गोष्ट कम्युटेटर. इथे सरसकट नियम लावून चालत नाही. पुष्कळ मोटरींत तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक खोल कोरतात, पण जुन्या ल्युकस स्टार्टरांच्या माहितीपुस्तिका तसे करू नका असे स्पष्ट बजावतात. नव्या कारागिराने जुन्या सेल्फला हात लावण्यापूर्वी हे माहीत असलेल्या माणसाला विचारावे.

ल्युकसच्या बेंडिक्सवाल्या स्टार्टरबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्या सांभाळणाऱ्यांना तो भेटतोच. मोटर झटक्याने फिरली की पिनियन स्वतःच्या जडत्वाने आट्यांवरून सरकत रिंगमध्ये शिरते. आटे चिकट झाले की ते सरकत नाही. पहिली बुद्धी होते ती तेल घालण्याची, आणि तीच घातक ठरते: तेलावर क्लचची भुकटी बसते आणि महिनाभरात आटे आणखी घट्ट होतात. ते रॉकेलने धुऊन कोरडेच ठेवायचे असतात. पिनियन रिंगमध्येच अडकून बसले तर अशा स्टार्टरच्या मागच्या टोकाला, टोपणाखाली, शाफ्टचे चौकोनी टोक असते. पान्याने ते फिरवले की पिनियन सुटते. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागे-पुढे हलवली तरी चालते, मात्र किल्ली बंद असावी.

गिअरमध्ये टाकून गाडी थोडी ढकलली की सेल्फ लागतो, हे लक्षण ज्यांना दिसते त्यांनी फ्लायव्हीलची रिंग तपासावी. बंद होताना इंजिन कुठेही थांबत नाही. कोणत्यातरी सिलिंडरमधला दाब त्याला अडवतो आणि ते ठरलेल्या जागीच विसावते. चार सिलिंडरच्या पद्मिनीत अशा दोन जागा समोरासमोर येतात, तीन सिलिंडरच्या मारुती ८०० मध्ये तीन. म्हणजे पिनियन वर्षानुवर्षे रिंगच्या त्याच दातांवर आपटते. बाकी रिंग नव्यासारखी आणि दोन-तीन ठिकाणी दात भुईसपाट, असे दृश्य गिअरबॉक्स उतरवल्यावर दिसते. इंजिन चुकून त्या जागेच्या जरा पुढे थांबले तर सेल्फ लागतो. गॅरेजसमोर गाडी बरी का होते, त्याचे एक उत्तर हेही आहे. रिंग तापवून काढता येते आणि काही गाड्यांत ती उलटी करून बसवता येते. तरी नवी रिंग मिळत असेल तर तीच बसवावी, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मेहनत दोन्हीकडे सारखीच आहे.

हे काम करणारी माणसे आणि सुटे भाग मिळणारी ठिकाणे अजून आहेत. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, कोल्हापुरात उद्यमनगर. तिथे जुन्या मापाचे बुश निघतात, फिल्ड कॉइल नव्याने गुंडाळून मिळते. पण या कौशल्याला पोसणारी गाड्यांची गर्दी ओसरते आहे. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींपैकी शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून तिचे दिवस संपले. एका शहरात एकाच घडणीच्या हजारो गाड्या रोज कितीतरी वेळा सुरू-बंद होत होत्या, तेव्हा त्यांचा सेल्फ डोळे झाकून खोलणारा कारागीर गल्लोगल्ली होता. आता एखाद्याकडेच तशी गाडी असते, म्हणून मालकाने स्वतः थोडे निदान शिकणे गरजेचे झाले आहे.

त्यासाठी एक जुनी, स्वस्त आणि फार उपयोगी व्यवस्था आहे. डॅशबोर्डखाली दोन छोटे दिवे लावायचे. पहिल्याची वायर सोलेनॉइडच्या ५० क्रमांकाच्या टोकावरून, म्हणजे जिथे किल्लीची बारीक वायर येते तिथून. दुसऱ्याची, सोलेनॉइडमधून मोटरच्या पोटात शिरणाऱ्या जाड जोडणीवरून. दोन्ही वायरींना सेल्फजवळच एक-एक अँपिअरचा फ्यूज हवा, आणि दोन्ही दिव्यांची दुसरी टोके थेट बॅटरीच्या उणे खुंटीला. मग गाडी नेहमीसारखी वापरायची. ज्या सकाळी ती अडेल, त्या सकाळी किल्ली धरून ठेवून दिव्यांकडे पाहायचे. पहिला लागलाच नाही, तर दोष किल्लीत, स्विचमध्ये किंवा त्या बारीक वायरीत. पहिला लख्ख आणि दुसरा बंद, तर सोलेनॉइडचे संपर्क जळले आहेत. दोन्ही लख्ख आणि तरी मोटर मुकी, तर कार्बन किंवा इंजिनच्या अर्थची पट्टी. दोन्ही मिणमिणते, तर बॅटरी आणि तिची टर्मिनल्स. जे दिसले ते तिथेच कागदावर टिपायचे, सोबत हवा ओली होती की कोरडी, इंजिन गरम होते की गार, आणि तो कागद गाडीबरोबर मिस्त्रीच्या हातात द्यायचा. गॅरेजसमोर गाडी मग पहिल्या सेल्फला सुरू झाली तरी चालेल.